बायकोची सिस्टिम आणि माझा स्टॉप लॉस

लग्नानंतर आम्ही चेन्नईला आलो. ती सिरुसेरीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर, मी गाड्यांच्या कारखान्यात, ब्रेकच्या विभागात. दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधणं हे तिचं पोटापाण्याचं काम, आणि घरीही तिच्या तावडीतून काही सुटत नसे. माझी फोडणीसुद्धा.

शेअर घ्यायचे-विकायचे नियम तिने स्वतः बसवले होते. शुक्रवारी बाजार बंद होतानाचे भाव पाहायचे आणि नियम सांगतील तसं सोमवारी करायचं. जुन्या भावांवर तिने ते महिनोन्‌महिने तपासले, मगच फ्लॅटसाठीची आमची सगळी बचत त्यात घातली. स्टॉप लॉस मात्र नाही. म्हणजे ठरवलेल्या भावाखाली गेला की शेअर आपोआप विकला जावा, ही सोय नाही. मला ते पटेना. बिनब्रेकची गाडी मी गेटबाहेर सोडत नाही.

"तुझा ब्रेक दर खड्ड्याला लागतो," ती म्हणायची. "तोही तपासून पाहिलाय मी. आपण विकतो आणि शेअर वर जातो."

मग एका मंगळवारी बाजार आपटला. कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये टीव्हीवर ते पाहून सांबार-भाताचं ताट बाजूला सारलं. मी तिला फोन लावला.

"आता तरी स्टॉप लॉस लाव. फ्लॅट जाईल हातचा."

"टेस्टिंग झाल्यावर ऐन वेळी कोडला हात लावू देते का मी कुणाला?" एवढं बोलून ती मीटिंगला गेली. मला राग आला आणि खरं सांगायचं तर कौतुकही वाटलं.

शुक्रवारी तिच्या नियमांनीच सांगितलं, सगळं विका. मला वाटलं, आता ही काहीतरी सबब काढणार. तोट्यात विकायला कुणाचं मन होतं? सोमवारी तिने कंपनीची बस जाऊ दिली आणि बाजार उघडताच सगळं विकून टाकलं.

"वाईट नाही वाटत?" मी विचारलं.

"वाटतं की. म्हणून तर मनाला विचारत नाही, नियमांना विचारते."

बाजार त्यानंतर आणखी बराच घसरला. नियमांनी सांगितलं तेव्हा ती पुन्हा शिरली. फ्लॅट उशिरा झाला, पण झाला. आमचे मित्र तिला बेडर म्हणतात, मीही म्हणत असे. पण त्या सोमवारी विकताना मी तिच्या हातावर हात ठेवला होता. चेन्नईच्या ऐन मे महिन्यात तिचा हात बर्फासारखा गार पडला होता, आणि तरी माउसवरून हलला नव्हता.