जहाजावरचा अंगठा

माझ्या ताईचा नवरा, म्हणजे आमचे दाजी, माणसांचीही प्रत ठरवायचे. जुन्या चांदीच्या नाण्यांच्या दुकानात, मागच्या खोलीत, दिव्याखाली भिंग घेऊन बसायचं आणि समोर आलेल्या नाण्याची प्रत सांगायची, हे त्यांचं काम. उत्तम, बरं, झिजकं, आणि शेवटी मोडीत. घरी जेवतानाही तेच. मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा 'बरी आहे, पण कडा गेल्यात' म्हणाले. सगळे हसले. मी अजून विसरलेले नाही.

त्यांची नजर मात्र पक्की, ते नाकारून चालणार नाही. एखादी म्हातारी नवऱ्याची ठेव राखेनं घासून, लखलखीत करून आणायची आणि कौतुकानं पुढे करायची. दाजी भिंगही उचलायचे नाहीत. 'धुतलेलं,' एवढंच म्हणून नाणं परत सरकवायचे. जुन्या चांदीवर चढलेली काळसर छटा आणि तिच्याखालची टाकसाळीची चमक, सगळं मोल त्यातच, आणि घासलं की दोन्ही जातात. म्हातारीचं तोंड एवढंसं व्हायचं. त्या दिवशी दाजी दोन घास जास्त जेवायचे.

त्यांचं स्वतःचं मोलाचं नाणं एकच, जहाजाचं. साचा तडकला म्हणून टाकसाळीनं तसली नाणी मोजकीच पाडली होती. त्यांची लेक नुकतीच शाळेत जाऊ लागली होती, तेव्हा एकदा तिनं ते कपाटातून काढलं आणि जहाजावर अंगठा दाबला. 'कडेला धरायचं असतं,' एवढं बोलून दाजींनी पट्टीनं तिचा हात सुजवला. मग नाणं मऊ कापडानं पुसलं. डाग दिसेना. त्याच हिवाळ्यात पोर तापानं गेली.

अंगठा वर आला तो कितीतरी वर्षांनी. बोटाचा घाम चांदीत असाच मुरतो आणि सावकाश काळा पडतो. शिडांवर इवल्याशा अंगठ्याच्या रेषा स्पष्ट उमटल्या. तेव्हापासून ताई दर रविवारी भिंग मागून घ्यायची. दाजी तिला हातमोजे घालायला लावायचे, ती मुकाट्यानं घालायची. फोटोत लेक नुसती दिसायची, इथे तिचा हात लागला होता. ताईनं आयुष्यात नवऱ्याकडे एकच गोष्ट मागितली, की हे नाणं असंच राहू द्या. दाजी 'बघू' म्हणाले होते.

मग नाणी जमवणाऱ्यांच्या मंडळाचं प्रदर्शन आलं. दाजींनी जहाज मांडलं, आणि कुणीतरी खिल्ली उडवली की ज्याच्या घरात नाण्याला बोट लागतं तो आम्हाला प्रत शिकवतो. बोलणं ते केवढं, पण दाजींना झोंबलं. दुसऱ्या दिवशी ताई आणि मी भाजी आणायला गेलो, तेव्हा त्यांनी ओट्यावर वाटीत डाग काढायचं औषध ओतलं आणि नाणं बुडवलं. लोकांनी नाणं धुणं वेगळं, आपला जाणता हात वेगळा, असं त्यांना वाटलं असणार. शहाणा माणूस.

आम्ही परत आलो तर नाणं फडक्यावर होतं, पांढरंफटक. अंगठा गेला होता आणि जहाजाची चमकही गेली होती. दाजी ते दिव्याखाली पुन्हा पुन्हा फिरवत होते.

मला वाटलं ताई कोसळेल. तिनं पिशवी खाली ठेवली आणि विचारलं, "प्रत कोणती?"

दाजींनी नाणं आणखी एकदा उलटवलं.

"लोकांना सांगता ना? मला सांगा."

नाण्याविषयी खोटं बोलणं त्यांना कधी जमलं नाही. "धुतलेलं," ते म्हणाले. मग नाणं फडक्यावर ठेवून म्हणाले, "मोडीत."

ताईनं उघड्या हातानं नाणं घेतलं आणि त्यांच्या तळहातावर ठेवलं. "मग आता कसंही धरा."

ती भाजी निवडायला बसली. दाजींनी नाणं उचललं ते दोन बोटांनी, कडेला धरूनच, आणि तसेच उभे राहिले. मला त्यांची कीव आली नाही. अजूनही येत नाही.