तेलाच्या जाहिरातीतल्या बाईचे केस

माझी दोन बोटं नवऱ्याच्या घशात होती आणि बोटांना केस लागला. मी धरला, ओढला. तो येतच राहिला... काळा, लांब, थुंकीनं आणि चावलेल्या चपातीनं माखलेला. मालकांचे डोळे पांढरे व्हायला लागले होते.

"आ करा! तोंड मिटू नका, मराल!" मी ओरडले.

तो एक केस नव्हता, झुपका होता. ओढता ओढता मी बसलेली उठून उभी राहिले, तरी त्याचं दुसरं टोक घशातच. शेवटी चिखलातून पाय निघावा तसा आवाज झाला आणि ते सगळं माझ्या पायावर पडलं. खवट तेलाचा वास आला. मालकांनी श्वास घेतला. शेजारची विमल आरडाओरडा ऐकून आली होती, ती उंबऱ्यातच ओकली.

भर दुपारची, जेवायच्या वेळेची गोष्ट. गाव युसूफ वडगाव, तालुका केज.

मी चौथी शिकलेली बाई आहे, पण खुळी नाही. आमचं घर बौद्ध. माझ्या सासऱ्यांनी देव्हाऱ्यासोबत अंगारे-धुपारेही बाहेर काढले, ते पुन्हा आत आले नाहीत. कुणी भूत दिसलं म्हणालं की मी आधी विचारायची, प्यायला होतास का? आता मीच लिहायला बसले तर तुम्ही काय विचाराल ते मला माहीत आहे. मी चहाशिवाय काही पीत नाही.

मालक एसटीत कंडक्टर होते. हैदराबाद, लातूर, परळी... गाडी जिथं मुक्कामी जाईल तिथल्या रद्दीवाल्यापाशी जाऊन बसायचे. निजामाच्या वेळचे नकाशे, चित्रांची मासिकं, जुनी छापील चित्रं, सगळं घरी यायचं. रिटायर झाल्यावर तर आतली खोलीच भरली. लांबून लोक बघायला यायचे. त्यांना कौतुक, मला किळस. कागदांत झुरळांची अंडी, पालीच्या लेंड्या, माश्यांचे ठिपके. आणि ह्यांची जन्माची सवय — अंगठा जिभेला लावायचा आणि पान उलटायचं. तिकिटं फाडून फाडून लागलेली. चाटलं, उलटलं, चाटलं, उलटलं.

"अवो, त्याच्यावर उंदीर मुतलेला हाय."

"तुला न्हाई कळायचं, गया. दगडावरची छपाई हाय ही."

"मग दगड चाटा. तो धुता तरी येतो."

जुना कागद पाण्यानं पुसत नाहीत. मालक तो कणकेनं साफ करायचे. तेल-मीठ न घालता घट्ट कणीक मळायची, तिचा गोळा कागदावर हलक्या हातानं फिरवायचा, मळ गोळ्याला चिकटतो. रोज सकाळी मी एकच कणीक मळायची. अर्धी चपात्यांना, अर्धी ह्यांच्या चित्रांना. तिचे काळे पडलेले गोळे बघून माझी जेवायची इच्छा जायची.

यंदाच्या उन्हाळ्यात त्यांनी लातूरहून एक मोठं चित्र आणलं. केसाच्या तेलाची जुनी जाहिरात. कंपनीचं नाव वाळवीनं खाल्लेलं. खुर्चीवर बसलेली एक बाई, आणि तिचे मोकळे केस खुर्ची झाकून पार खाली गालिच्यावर पसरलेले. वर काजळीचा थर. मालकांनी नेहमीसारखा आधी मोबाईलवर फोटो काढला आणि कणीक घेऊन बसले.

थोड्या वेळानं आतून हाक आली, "गया, कणकेत तुझा केस निघालाय की!"

मी जाऊन बघितलं. माझे केस पांढरे, वीतभर. हा काळाभोर.

"माझा न्हाई. कोण भेटायला लागली आता म्हातारपणी?" मी म्हणाले. ते हसले. मीही हसले.

दुसऱ्या दिवशी पीठ चाळून घेतलं, डबा उपसला. काही नाही. कणीक माझ्या हातांनी मळली, स्वच्छ होती. चित्रावर फिरवलेला गोळा मात्र मी फोडला तर आत केस, शेवयांसारखे गुंडाळलेले. मला शिसारी आली. गोळा उकिरड्यावर फेकला आणि सांगितलं, ते चित्र घराबाहेर काढा.

"जुना मळ असतो, कुण्या ब्रशाचे केस असतेल. कावून घाबरायलीस?"

मग जेवताना त्यांना ठसका लागायला लागला. घशात काही तरी अडकलंय म्हणायचे. मी म्हणायची, चाटा अजून. आणि मग ती दुपार आली.

विमलनं चूळ भरली आणि म्हणाली, "मावशे, लिंबू उतरून टाक."

"लिंबू सरबताला ठेव. आधी मला चित्र बघू दे."

बघितलं. बाईचे केस खांद्यापर्यंत होते.

मालक खाली बसले. म्हणाले, "माझ्याच हातानं खरवडलं. लई जोर दिला."

पण खरवडलं असतं तर तिथं पांढरा कागद दिसायला पाहिजे होता. तिथं खुर्चीचा पाय होता, कोरीव काम केलेला. गालिच्याची लाल किनार होती. मोबाईलमधला आधीचा फोटो उघडून विमलनं शेजारी धरला. फोटोत पाय नाही, किनार नाही, सगळं केसांखाली. मालकांनी भिंग लावून तो पाय पाहिला. छपाई तशीच, जुनीच.

निघालेला झुपका पिशवीत घालून मी त्यांच्यासोबत केजच्या डॉक्टरकडे नेला. तो म्हणाला, "आजी, काही लोकांना आपलेच केस खायची सवय असते."

मी मालकांची टोपी काढली. डोकं वांग्यासारखं गुळगुळीत. "हे कोणाचे खातेत, सांगा."

त्यानं एक्स-रे काढले, घशात नळी घालून बघितलं, काही नाही म्हणाला.

घशात काही नव्हतं, पण घासही जाईना. मालक तोंडात घालायचे, चावायचे, आणि जिभेवर केस लागला म्हणून थुंकायचे. मी बोटानं चाचपून बघायची. केस नसायचा. वरणाचं पाणीसुद्धा गाळून मागायचे. गालफडं बसली, धोतर कमरेवर राहीना. पुण्याहून लेक आला, सलाईन लावून आणलं, परत तेच. आणि उशाशी ते चित्र, गुंडाळून ठेवलेलं. ते भिंतीच्या बाजूला सरकवून झोपायचे, कुणी हात लावू नये म्हणून.

एका सकाळी मी त्यांच्यापुढे बसले. "तुमी मरायलात. ती बाई घरात ऱ्हाईल, न्हाईतर तुमी. मला दोघांचं करायचं न्हाई."

त्यांनी उशाशी हात घातला. मग गुंडाळी माझ्या हातात दिली आणि तोंड भिंतीकडे केलं. "नेऊन टाक. कुठं टाकली ते मला सांगू नको."

मी तुम्हालाही सांगणार नाही. तुमच्यातले हौशी लोक हुडकत येतील.

परत आले, हात राखेनं धुतले, ज्वारीची भाकरी दुधात कुस्करली आणि पहिला घास त्यांच्या तोंडात घातला. त्यांनी तो गालात धरून ठेवला. मी समोरच बसून राहिले. कितीतरी वेळानं गळ्याची घाटी वर-खाली झाली.

"अजून दे," म्हणाले.

कणकेत केस कुठून आले, घशात एवढा झुपका कसा मावला, चित्रात नसलेला खुर्चीचा पाय कोणी छापला... डॉक्टरला सांगता आलं नाही, लेकाला नाही, मला तर नाहीच. त्या चित्राचा पहिला फोटो अजून मोबाईलमध्ये आहे.

हे ज्यांच्यावर बेतलं ते दशरथ, रिटायर कंडक्टर, आणि मी त्यांची बायको गयाबाई. दोघंही जिवंत आहोत.