वासुदेवभाऊंची कॅरॅव्हॅन आणि रश्मीची अट

प्रवासाहून आलं की कपडे धुऊन कपाटात जातात, आणलेली चॉकलेटं वाटून संपतात. किस्से मात्र संपत नाहीत, उलट दर चहाला एखादा वाढतो. ऑस्ट्रेलियाहून परतल्यापासून आमच्या नागपूरच्या नंदनवन भागातल्या घरी हेच चाललंय.

आधी मंडळी सांगतो. वासुदेवभाऊ माझे शेजारी. मूळचे उमरेडचे, विणकराच्या घरातले, आता साड्यांचं दुकान मुलाच्या हाती देऊन मोकळे झालेले. त्यांची मुलगी रश्मी अ‍ॅडलेडला असते. भाऊ, प्रमिलावहिनी, मी आणि माझी बायको शोभा असे चौघे तिच्याकडे गेलो. तिथे भाऊंनी जाहीर केलं की टूरच्या बसमध्ये बसणार नाही, कॅरॅव्हॅन घेऊन खेडीपाडी बघणार! कॅरॅव्हॅन म्हणजे गाडीमागे जोडलेलं चाकांवरचं घर, आत पलंग आणि स्वयंपाकाचा ओटासुद्धा.

रश्मीला धडकी भरली. शेवटी तिने अट घातली. "बाबा, मदतीसाठी एक जरी फोन आला ना, तर ट्रिप तिथेच बंद. मी घ्यायला येईन आणि तुम्ही मुकाट्यानं माझ्या गाडीत मागे बसायचं."

"मंजूर," भाऊ म्हणाले. झालं, इज्जतीचा सवाल झाला!

*

पहिल्याच मुक्कामी फोन करायची वेळ आली. कॅरॅव्हॅन मागे घ्यायची तर स्टेअरिंग उलटं फिरवावं लागतं. हे आम्हाला सांगितलं होतं, पण पटलं नव्हतं. भाऊ गाडीत आणि मी मागे उभा राहून, आपल्या रिवाजाप्रमाणे पत्र्यावर थापा मारत "येऊ द्या, येऊ द्या" करतोय. घर डावीकडे न्यावं तर उजवीकडे पळे. कॅरॅव्हॅन लावायच्या त्या पार्कमधली गोरी मंडळी खुर्च्या टाकून तमाशा बघायला बसली.

प्रमिलावहिनी खाली उतरल्या. कॅरॅव्हॅन गाडीपासून सोडवायला लावली, पदर खोचला आणि खुर्च्यांकडे बघून चक्क नागपुरीत म्हणाल्या, "पाहून काय राहिले जी? धक्का मारा!"

सगळे उठले. घर जागेवर!

*

तिकडे गावाकडच्या रस्त्यावर समोरून येणारा ड्रायव्हर स्टेअरिंगवरचं एक बोट उचलून ओळख देतो. अनोळखी माणसाला रामराम! भाऊ गहिवरले. पण रामरामाला एका बोटानं उत्तर देणं त्यांच्या संस्कारात बसेना. त्यांनी स्टेअरिंग सोडून दोन्ही हात जोडले.

मागून वहिनी शांतपणे म्हणाल्या, "अहो, रामराम तोंडानं घाला. हात आमच्यासाठी राहू द्या."

*

परतीच्या वाटेवर संत्र्याच्या बागा लागल्या. नागपूरचा माणूस संत्र्यापुढून न थांबता जाईल होय? भाऊंनी चाखून नाक मुरडलं आणि तरी पोतंभर घेतली. पुढे राज्याची हद्द आली. तिच्यापलीकडे फळं नेता येत नाहीत, रोगराई पसरते म्हणून. अधिकारी बाईंनी अदबीनं डबा दाखवला, टाका म्हणाल्या.

नागपूरकराने संत्री फेकायची? आम्ही चौघे त्या डब्याभोवती उभे राहिलो आणि खायला लागलो. मागच्या गाडीवाल्यांनाही बोलावलं. शेवटी बाईंनीसुद्धा दोन फोडी घेतल्या. डब्यात पडली ती फक्त सालं. भाऊ ढेकर देत म्हणाले, "आंबटच आहेत, पण फेकण्याएवढी नाहीत."

*

एका गावात पारा चढला. पार्कची मालकीण दारोदार फिरून सांगत होती, बाहेर पडू नका. आकडा ऐकून भाऊंना हसू आवरेना. एवढ्या उन्हात तर आमच्याकडे वराती निघतात!

बाहेर पडताना आम्ही चौघांनी ऊन लागू नये म्हणून खिशात एकेक कांदा टाकला, आपण मे महिन्यात टाकतो तसा. शेजारच्या म्हाताऱ्या जोडप्याने हे काय म्हणून विचारलं, वहिनींनी खाणाखुणांनी समजावलं. संध्याकाळी पाहतो तर पार्कमधल्या प्रत्येकाचा खिसा फुगलेला. मालकिणीचासुद्धा! शोभा भाजीला कांदे आणायला गेली, तर दुकानात एकही शिल्लक नव्हता.

*

शेवटचा दिवस. अ‍ॅडलेड तासाभरावर आलं होतं आणि आम्ही मदतीसाठी एकही फोन केला नव्हता. भाऊंची मान ताठ झाली होती. तेवढ्यात रश्मीचाच फोन आला, शोभाने तो स्पीकरवर टाकला.

काळजीनं तिला घरी बसवेना, म्हणून आम्हाला सामोरी यायला निघाली होती. वाटेत टायर फुटलं. डिकीतल्या जादा टायरमध्ये हवा नाही आणि मेकॅनिक संध्याकाळशिवाय येत नाही म्हणाला. "बाबा, तुम्ही कुठवर आलात?"

भाऊंनी गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. पोरगी उन्हात उभी आहे, ताणू नका, असं वहिनी डोळ्यांनी सांगत होत्या.

"बेटा, मले आधी एक सांग," भाऊ म्हणाले. "हा फोन मदतीसाठी करून राहिली, का असाच?"



"मदतीसाठी," रश्मी म्हणाली.

आम्ही पोचलो तेव्हा ती गाडीला टेकून उभी होती. भाऊ उतरले, तिच्या डोक्यावरून हात फिरवला, तिला पाणी दिलं. मग आमच्या गाडीचं मागचं दार उघडून धरलं.

"बस वं," ते म्हणाले.