जनकाबाईचं जयंतीचं वरण

डोंगरकडा गावातल्या बौद्ध वस्तीत जनकाबाई पाईकराव समोरून येताना दिसली, की बायका हातातली डाळीची पिशवी पदराखाली घालतात. हसू नका, खरंच घालतात. दुकानातली चकचकीत पिवळी डाळ घेऊन जाताना कुणी सापडली, तर जनकाबाई भर रस्त्यात अडवून विचारणार, "काहून गं, तुह्या वावरात तूर न्हवती का औंदा?"

तूर होती की! पोत्यांत भरून मोंढ्यात, धान्याच्या बाजारात गेली. आणि तिच्याच पैशातून ही डाळ आली, तीही बोटीतून उतरलेली, परदेशातली. का, तर स्वस्त पडते. बाहेरचा माल येऊन पडला की इथल्या तुरीचा भाव बसतो, भाव बसला की माणसं आणखी स्वस्त डाळ शोधतात, आणि पुन्हा बाहेरचा माल येतो. हे समजायला फार शिकावं लागत नाही. जनकाबाई चौथीपर्यंत शिकली आहे आणि तिला ते चांगलं समजतं. तिचं बोलणं मात्र ऐकवत नाही, ही दुसरी गोष्ट.

तिचं माहेर हिंगोलीकडच्या गोरेगावचं. बाप दुसऱ्याच्या शेतात सालगडी. तूर बडवायला सगळं घर जायचं आणि घरी यायच्या त्या फुटक्या कण्या. लग्नानंतरही पुष्कळ वर्षं तिनं आणि शेषरावांनी लोकांचीच तूर कापली. मग पै-पै करून एक पट्टा जमीन घेतली. पहिल्या साली सोयाबीनमध्ये ओळीओळीनं तुरीची तासं धरली, आणि त्या तुरीचं पहिलं वरण जनकाबाईनं मीठ घालायच्या आधीच वाटीभर पिऊन टाकलं. शेषराव अजून सांगतात, "मला भगोणं खरवडून खा लागलं त्या दिशी."

तेव्हापासून तिच्या घरात विकतची डाळ आलेली नाही. तूर निवडायची, लाल मातीच्या पाण्यात कालवायची, गच्चीवर कडक उन्हात वाळवायची, मग जात्यावर भरडायची आणि पाखडायची. टरफलं आणि चुनी शेळीला. जातं तिच्या ओसरीत असतं. वस्तीतली बाकीची जाती गेली कुठल्या कुठे, कुणाच्या पायरीला लागली, कुणी न्हाणीत टाकली. आणि हिच्या जात्याला कुणी हात लावला, की ही म्हणणार, "हळू! दात झिजवशील त्याचे." म्हणून कुणी लावत नाही.

तर यंदाच्या जयंतीची गोष्ट. चौदा एप्रिलला मिरवणुकीच्या आधी विहारात सगळ्या वस्तीचं जेवण असतं आणि वरण करायचं ते जनकाबाईनं, हे ठरलेलं. समितीची बैठक बसली. धम्मदीप, म्हणजे तिच्या दिराचा पोरगा, यंदा समितीचा सचिव. त्यानं सांगून टाकलं, "डाळीचं मी बोलून आलो वारंगा फाट्याला. ठोक व्यापारी हाये. एक नंबर माल, एकदम साफ."

"कुठली हाये?"

"आफ्रिकेची. पासपोर्टवाली डाळ हाये, मोठीमाय."

पोरं हसली. जनकाबाई नाही हसली.

"तुह्या बापाची तूर कुठंशी हाये रे धम्म्या? घरात पडून हाये ना, भाव न्हाई म्हनून? आन् बाबासायबाच्या जयंतीला जेवाची कोनाची, तर बोटीवाल्याची. लाज वाटू द्या जरा."

"मंग काय करावं?"

"घरोघरची डाळ गोळा करा. ज्याच्या त्याच्या वावरातली. न्हाईतर म्या चुलीम्होरं बसत न्हाई."

धम्मदीप काही वाईट मुलगा नाही, पण वाद घातल्याशिवाय त्याला जेवण पचत नाही. तो म्हणाला, "बराबर हाये. पन वरन बिघडलं, तर पुढच्या सालापासून हिंगोलीचा केटरर. मंग डाळ तो म्हनंल ती. कबूल?"

"कबूल," जनकाबाई म्हणाली. शेषरावांनी कपाळाला हात लावला.

दुसऱ्या दिवशी जनकाबाई पोतं घेऊन दारोदार फिरली. आता वस्तीची एक रीत आहे. दानात आलेलं धान्य देणाऱ्यासमोर चाचपायचं नाही. नजरही लावायची नाही, तोंड दुसरीकडे करून पोतं पुढे धरायचं. कुणी कमी दिलं, कुणी जास्त, कुणी निकृष्ट, हे कळू नये म्हणून ही रीत. रीत चांगलीच आहे. एरवी दुसऱ्याच्या घरातल्या मिठापर्यंत नाक खुपसणारी ही बाई त्या दिवशी मात्र दारोदार आभाळाकडे बघत उभी राहिली. पोतं भरलं, तोंड बांधून थेट विहारात गेलं. तिचा ऊर त्याहून जास्त भरला.

"बघा," ती शेषरावांना म्हणाली, "एक घर न्हाई म्हनलं न्हाई."

"तुला न्हाई म्हनाची कोनाची टाप हाये?" शेषराव म्हणाले. त्यात केवढा अर्थ होता, ते तिला तेव्हा कळलं नाही.

जयंतीच्या दिवशी विहाराच्या मागे चर खणून चूल पेटवली. भगोण्यात आधण आलं, बायकांनी धुऊन आणलेली डाळ पडली, हळद पडली. बाजूला बायका वांगी चिरत होत्या, पोरी पुऱ्या लाटत होत्या. वस्तीत निळे झेंडे, स्पीकरवर गाणी, सगळं झकास. बऱ्याच वेळानं जनकाबाईनं पळीभर डाळ काढून बोटानं दाबली. एक दाणा लोण्यासारखा विरघळला. दुसरा टणक. तिसरा विरघळला. चौथा खड्यासारखा.

तिनं जाळ वाढवला. पुन्हा काढली. तेच. मऊ डाळ खाली लागायला आली, टणक डाळ उकळीत नाचत होती.

धम्मदीप येऊन डोकावला. "काय मोठीमाय, शिजली का?"

"जाय तिकडं!"

तो गेला, पण जाताना हसत गेला. जनकाबाईनं पळी पुन्हा भगोण्यात घातली, तरी तेच. पुढच्या साली इथे पांढऱ्या टोपीतला केटरर उभा राहणार, आणि त्याला काय, डाळ कुठलीही चालणार! तिनं पळीतली डाळ ताटलीत ओतली आणि बायकांपुढे धरली.

"ही एका मुलखातली डाळ न्हाई. कोनाकोनाच्या घरची हाये ही?"

सगळ्या बायकांच्या माना वांग्यांत. इतक्या मन लावून वांगी कुणी कधी चिरली नसतील. शेवटी धम्मदीपची बायको ऐश्वर्या उठली. नांदेडची मुलगी, नवीनच लग्न होऊन आलेली.

"आत्याबाई, आमच्या घरची दुकानातली होती."

"सचिवाच्या घरची!"

"घरात तूर आहे, पण डाळ नव्हती. तुम्ही पोतं घेऊन दारात उभ्या. मग काय देणार?"

एकीनं तोंड उघडल्यावर दुसरीला धीर आला. "आमचीबी दुकानची," "आमचीबी." जनकाबाईचा आवाज चढला. "वावरात तूर पिकवता आन् इकतची डाळ खाता? आन् वर मला फसवता?"

तेव्हा शेजारची चतुराबाई विळी सोडून उभी राहिली. तिच्या वयाची, तिच्या तोडीची.

"फसवलं म्हनू नको जनका. अख्खी तूर काय चावून खावी का मान्सानं? डाळ कशावर कराची? जातं एक तुहं. त्याला हात लावला तर तू मान्साचे दात पाडशील. लोकं म्हनून मोंढ्यात घालून राहिले तूर. तू नुस्ती वरडती. कोनाला शिकवलं का कधी?"

स्पीकरवरचं गाणं नेमकं तेव्हाच संपावं! जनकाबाईनं ताटलीतला एक टणक दाणा उचलून नखानं फोडून पाहिला.

मग ती म्हणाली, "पाटे आना."

"काय?"

"पाटे-वरवंटे आना घरोघरचे! जातं नसंल, मसाला वाटाचा पाटा तर हाये ना?"

झाऱ्यानं टणक डाळ उपसली. पाटे ओळीनं मांडले. बायका वाटायला बसल्या, हात भाजत होते, फुंकर घालत, एकमेकींना शिव्या देत. चतुराबाई म्हणाली, "आफ्रिकेहून आली आन् पाईकरावाच्या पाट्यावर मेली बिचारी," आणि त्या हसण्यात पहिल्यांदा जनकाबाईचा आवाज सगळ्यात मोठा होता. वाटलेली डाळ परत भगोण्यात गेली, वरून लसणाची आणि सुक्या मिरचीची फोडणी बसली. जेवणाला उशीर झाला, पुरुषांनी कुरकुर केली, मिरवणूकवाले ढोल बडवून बोलावत राहिले. पण वरण असं दाट उतरलं की भातावर थांबून राहत होतं. शेषरावांनी तीनदा वाढून घेतलं. धम्मदीपनं बोटं चाटली.

"बोल रे सचिवा," जनकाबाईनं त्याला पंगतीतच गाठलं, "बिघडलं का?"

"बिघडलं न्हाई. पन अर्धी डाळ बोटीवालीच होती, मोठीमाय. म्हंजी तुमी जितल्या म्हनता येत न्हाई."

"न्हाईच जितले," ती म्हणाली. "अर्ध्यानं हारले." आणि त्याच्या पानात आणखी एक पळी ओतली. त्यापुढे केटररचं नाव कुणी काढलं नाही.

जयंतीनंतर एका सकाळी ती स्वतः ऐश्वर्याच्या दारात गेली. "तूर काढ. आन् ल्हान पोराला जसं न्हाऊ घालाचं, तशी माती लाव. रगडू नको." पाहता पाहता चतुराबाई आली, तिच्यामागून आणखी दोघी-तिघी. जातं दुपारभर फिरायला लागलं. ऐश्वर्याच्या पहिल्या खेपेत निम्म्या कण्या निघाल्या. जनकाबाईनं तिला जे काय सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण त्याच कण्यांची खिचडी करून दोघी एका ताटात जेवल्या. मोंढ्यात तूर अजूनही जाते, जाणारच, माणसांना पैसा लागतो. पण खायची तूर आता बहुतेक घरं मागे ठेवतात आणि दुकानदार जनकाबाईला पाहून तोंड फिरवतो.

परवा तिला स्वतःची तूर वाळत घालायची होती. टोपली डोक्यावर घेऊन गच्चीवर गेली, तर पाय ठेवायला जागा नाही. चतुराबाईची, ऐश्वर्याची, आणखी कुणाकुणाची तूर मातीत माखून पसरलेली.

"आता माही कुठं घालू? माह्या डोक्यावर?" ती वरून ओरडली.

"आमच्या पत्र्यावर घाल," चतुराबाई खालून म्हणाली. "पन हळू चढ. पत्रा वाकवशील."