लाईट गेली आणि भूकंप थांबला

सोल्डरिंगचा धूर नाकात गेला की मुरुडच्या घरातली ती दुपार आठवते. सुटे भाग जोडून मी नुकताच विजेवर सूर काढणारा सिंथेसायझर बनवला होता आणि एका ऑर्केस्ट्रावाल्याचा जुना मोठा स्पीकर त्याला लावून फरशीवर ठेवला होता. सुराचं बटण पार खाली नेलं, तर आवाजच येईना. वायर सुटली असेल म्हणत मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो, तर मांडणीवरचे पेले थडथड वाजायला लागले. फरशी गुरगुरत होती. आई पांढरीफटक पडली. तिच्या माहेरची माणसं भूकंपानंच नेली होती. “भायेर पळ, जमीन हालायलीय!” म्हणत तिनं माझं मनगट धरलं आणि आम्ही अनवाणीच अंगणात आलो. तेवढ्यात लाईट गेली आणि भूकंप थांबला. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला: सूर कानाला ऐकू येणार नाही इतका खाली गेला होता, आणि फरशी माझा स्पीकरच हलवत होता. मशीन बंद करायला मी आत निघालो, पण आई मनगट सोडेना. “घरात पाय ठेवायचा न्हाई!” लाईट कोणत्याही क्षणी परत येणार होती, आणि खरं सांगायला माझं तोंड उघडेना. आजही ते बटण खाली नेताना माझं मनगट दुखतं.