गाडीखाली मी वाकलोच नाही

हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. बायकोजवळसुद्धा नाही, आणि तिच्यापासून माझी विडीही कधी लपली नव्हती. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापुढे जीभ रेटतो आहे. जरा अडखळत सांगेन. चालेल ना?

आधी माझा तोरा सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. आता मी वांगी-कोबी लावतो, पण तरुणपणी शेलूबाजारच्या रस्त्यावर जीप चालवायचो. तेवढ्या भांडवलावर आमच्या आसेगावात मी गाड्यांचा डॉक्टर झालो. कोणाला जुनी गाडी घ्यायची असली की मला पुढे घालून न्यायचे. मी बॉनेटवर हात ठेवायचा, कान लावायचा, ‘हूं’ म्हणायचं — आणि लोकांनी माझ्या तोंडाकडे पाहत राहायचं. खोटं कशाला बोलू, त्या ‘हूं’ची मला चटक लागली होती.

नामदेव माझा शेजारी, आमचा मळ्याला मळा लागून. त्याची मुलगी वैशाली. ट्रॅक्टर असा चालवायची की बघत राहावं. सात सीटांची मोठी गाडी घ्यायची हे तिच्याच डोक्यातलं — गावातल्या बायांना दवाखान्यात, माहेरी, लग्नकार्याला न्यायचं, आणि चालवायची स्वतः. लायसन काढून ती तयार होती. जवळच्या मालेगावात एक जुनी गाडी विकायला होती. नामदेव मला म्हणाला, “तू पाह्यली म्हंजे झालं. मले काय समजते त्यातलं?”

एवढी मोठी जुनी गाडी घेताना काय पाहायचं असतं? मला सगळं ठाऊक होतं, हेच तर दुखणं आहे. इंजिन थंड असताना सुरू करून पाहायचं. मालकानं आम्ही पोचायच्या आधीच गाडी फिरवून आणलेली, बॉनेट चांगलं तापलेलं. मी त्यावर हात ठेवून ‘हूं’ म्हणालो. पुढचे दोनच टायर नवेकोरे. अशा वेळी जुने कुठे गेले ते विचारायचं असतं, कारण चाक एका बाजूनं झिजत असेल तर ते जुन्या टायरवरच दिसतं. मी उलट म्हणालो, “चला, टायरचा खर्च वाचला.” सरळ, मोकळ्या रस्त्यावर नेऊन ब्रेक दाबून पाहायचा. आम्ही गल्लीतूनच एक चक्कर मारली, कारण मालकाच्या घरी जेवायला रोडगे-वरण तयार होतं आणि मला मानाची खुर्ची दिली होती.

आणि सगळ्यात मोठं — अशा गाडीचा सगळा भार खालच्या चासीवर, म्हणजे लोखंडी सांगाड्यावर असतो. ती अपघातात एकदा वाकली की जोड मारतात, वरून काळा रंग फासतात आणि विकून मोकळे होतात. उभ्यानं ते दिसत नाही. त्यासाठी जमिनीवर पाठ टेकून गाडीखाली जावं लागतं.

मी गेलो नाही. का? अंगात नीळ दिलेला, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट होता. आणि पोट सुटलेलं — खाली निजलो असतो तर उठताना कोणाचा तरी हात धरावा लागला असता, चारचौघांत. एवढंच हो. दुसरं काही मोठं कारण असतं तर सांगायला बरं तरी वाटलं असतं. मी गाडीच्या मागे गेलो, चपलेचा पट्टा लावल्यासारखं केलं, आणि परत येऊन म्हणालो, “खालून पाह्यली. एकदम टकाटक.”

नामदेवनं गाडी घेतली.

इथवर असतं तर मी ते पोटात घालून जगलोही असतो. पण थोड्याच दिवसांत वैशाली मळ्यात आली. म्हणाली, “काका, ब्रेक दाबला का गाडी डावीकडे वढते.” असं का होतं ते मला लगेच कळलं. तरी मी काय म्हणालो? “मोठी गाडी आहे बाई. होईन सवय.” हसलोसुद्धा. आणि तिनं ते खरं मानलं.

मग एका सकाळी ती गावातल्या बायांना घेऊन निघाली आणि गावाबाहेर अचानक बकऱ्या आडव्या आल्या. तिनं ब्रेक दाबला. गाडी डावीकडे ओढली गेली ती थेट तुरीच्या शेतात, बांधाला टेकून कलंडली. माणसं वाचली, खरचटण्यावर निभावलं. मी धावत पोचलो तेव्हा गर्दी जमली होती आणि जो तो तेच म्हणत होता — “पोरीच्या हाती कायले देली एवढी मोठी गाडी?” वैशाली ओढणीनं कपाळ दाबून उभी होती. ती रडत नव्हती. गाडीकडे पाहून तिचं काय चुकलं ते शोधत होती.

आता गाडीचं पोट उघडं पडलं होतं. वाकायचीही गरज नव्हती. डाव्या चाकामागे चासीला जोड मारलेला, काळ्या रंगाचे पोपडे निघालेले. मी पाहिलं. तिथं त्यातलं कळणारा मी एकटाच होतो.

नामदेव माझ्याकडे वळला. “तू सांग बाप्पा. काय झालं हे?”

सगळे माझ्या तोंडाकडे पाहू लागले. माझ्या ‘हूं’साठी नेहमी पाहायचे तसेच. आणि मी म्हणालो, “गाडीत काई खोट नाई. पोरीचा हात कच्चा आहे.”

वैशालीनं माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. तिनं नुसती मान खाली घातली. नामदेवनं तिच्या हातातून किल्ली काढून घेतली. गाडी काही महिने ताडपत्रीखाली पडून राहिली, मग भंगारात गेली. ट्रॅक्टरवरही ती परत बसली नाही.

पुढे तिचं लग्न झालं. मागच्या उन्हाळ्यात तिच्या सासरी गेलो होतो. दुपारी तिच्या सासूला चक्कर आली, बाई घामानं थबथबली. नवरा शेतात, दारात त्यांची गाडी उभी. माझे डोळे आता मोतीबिंदूनं अधू. मी म्हणालो, “वैशाली, काढ गाडी.”

ती दोन पावलं मागे सरली. “नाई काका. माह्या हातून माणसं मरतीन.”

हे तिनं साधेपणानं सांगितलं, मीठ संपलंय म्हणावं तसं. शेजाऱ्यानं ऑटो आणून तिला दवाखान्यात नेलं, सासू वाचली. ऑटो गेल्यावर अंगणात आम्ही दोघंच उरलो. एक वाक्य बोलायचं होतं. मी म्हणालो, “बरं बरं, राहू दे,” आणि चहा मागितला. तिनं तो आलं घालून केला, मला आवडतो तसा.

तिच्या हातात काहीच खोट नव्हती. हे तुम्हाला सांगून झालं. तिला मी अजून सांगितलेलं नाही.