खुंटीवरची माळ

आमच्या घरात काविळीची माळ द्यायची रीत वडिलांच्याही आधीपासूनची. चोपड्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं गाव. रविवारी सकाळी ओट्यावर पिवळ्या डोळ्यांची माणसं बसलेली असत. ओल्या काड्यांचे तुकडे दोऱ्यात गाठी मारून गुंफायचे आणि रोग्याच्या गळ्यात घालायचे. माळ जसजशी लांबते तसतशी कावीळ उतरते, असं सगळे मानत. बहुतेक जण बरेही होत. कावीळ पुष्कळदा आपोआप बरी होते, हे मला फार उशिरा समजलं. पण माळ का लांबते, ते लहानपणापासून ठाऊक होतं. एकदा जास्तीची माळ खुंटीवर राहिली, तर काही दिवसांत तीही लांबली. काड्या सुकून बारीक होतात, गाठी सैल पडतात, एवढंच. मी वडिलांना दाखवलं.

"देखं ना? आते इसरी जाय," ते म्हणाले.

मी विसरलो नाही. नुसता गप्प राहिलो.

हे लिहितोय ते माझ्या बायकोसाठी. नात्यागोत्यात आजही म्हणतात, तिनं दुखणं लपवलं, अंगावर काढलं, म्हणून गेली. तिनं काहीही लपवलं नव्हतं.

कापूस वेचणीच्या दिवसांत ती गोठ्यापाशी आली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "अहो, परसाकडे रगत जाई राह्यनं."

मी म्हणालो, मूळव्याध असेल. तिखट सोड, ताक पी. तिनं ठेचा सोडला. नंतर पुन्हा सांगितलं, पुन्हा एकदा सांगितलं. मी वैतागून म्हणालो, "किती वेळा तेच ते?" त्यानंतर ती बोलली नाही. फक्त तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या.

उन्हाळ्यात तिचे डोळे पिवळे झाले. मुलगी धुळ्याला दिलेली आहे. ती फोनवर ओरडली, "आबा, तिला जळगावला दाखवा." मी बघू म्हणालो. खरं कारण ओटा होता. माळवाल्याची बायकोच काविळीसाठी दवाखान्यात गेली, तर रविवारी माझ्या दारात कोण आलं असतं? शेजारीण तर हसत म्हणाली, "तुले काय माय, घरमाच वैद शे!"

मी माळ घातली. जन्मभर काड्या निवडून देणारी तीच. गळ्यातल्या माळेवर बोट फिरवत ती म्हणाली, "खुंटीवर बी वाढस ना ही?"

"गप," मी म्हणालो.

माळ वाढत बेंबीपर्यंत आली. डोळे हळदीसारखेच राहिले. खाजवून खाजवून अंगावर ओरखडे उठले.

शेवटी मुलगीच गाडी घेऊन आली. जळगावला सोनोग्राफीच्या वेळी तिथल्या बाईंनी माळ काढून माझ्या हातात दिली. सगळ्या तपासण्या झाल्यावर डॉक्टरांनी आम्हाला आत बोलावलं. गाठ मोठ्या आतड्यात होती आणि तिथून यकृतात पसरली होती. ऑपरेशनची वेळ निघून गेली होती.

"संडासवाटे रक्त कधीपासून जातंय?" त्यांनी विचारलं.

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मग डॉक्टरांकडे बघून म्हणाली, "बरेच दिवस व्हयनात. लाज वाटनी, म्हणून घरमा कोनले सांगं नही."

मुलगी तिथेच उभी होती. ती उसळली, "माय, तुला तोंड नव्हतं का गं?"

मी ती माळ खिशात कोंबत होतो. मी काही बोललो नाही. त्या दिवशी नाही, आणि पोळ्याच्या आधी ती गेली तोवरही नाही.

तिच्या तेराव्यानंतर मी माळ देणं बंद केलं. आबाला गर्व झाला, असं लोक म्हणतात.

डॉक्टरांनी मुलीलाही आतड्याची तपासणी करून घ्यायला सांगितलं होतं. ती टाळत राहिली. परवा फोनवर म्हणाली, "मी काही मायसारखी लपवणारी नाही. त्रास झाला तर लगेच सांगेन." ते ऐकून मी धुळ्याची एसटी धरली.

ती भाजी चिरत होती. मी गोठ्यापासून ओट्यापर्यंत सगळं सांगितलं. खुंटीचंही सांगितलं. तिनं विळी आडवी करून ठेवली. 

"शेवटी तिचं पोट दुखायचं," ती म्हणाली. "मला हाक मारायची. आणि मी म्हणायचे, आता सांगतेस होय?"

मी तिच्याजवळ सरकलो. तिनं हात पुढे करून मला थांबवलं.

"उद्या जाते मी तपासायला. तुम्ही येऊ नका."

मी पिशवी उचलली. दारातून वळून पाहिलं, तर ती भिंतीवरच्या आईच्या फोटोपुढे उभी होती, पाठ माझ्याकडे करून.